धूर नसलेलं दार

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि फार लांबची. समुद्रापलीकडे ब्राझील म्हणून देश आहे. त्याच्या डोंगराळ मुलखात पेद्रा मान्सा नावाचं गाव आहे. तांबडी माती, मक्याची शेतं, उतारावर कॉफीची झुडपं, आणि डोंगराला वळसा घालून वाहणारी एक नदी. आपल्याकडे पौषातली थंडी पडते तेव्हा तिकडे धो धो पाऊस असतो. गावच्या चर्चच्या बुरुजावर एक घड्याळ होतं आणि ते कायम बंद असायचं, तरी लोकांची कामं वेळेवर व्हायची. त्या काळातली ही गोष्ट.

त्या गावात नाताळापासून सहा जानेवारीपर्यंत तीन राजांचा मेळा फिरतो. तीन राजे म्हणजे येशू जन्मला तेव्हा ताऱ्याच्या मागोमाग लांबून दर्शनाला आले ते. हेरोद राजा त्या तान्ह्या पोराच्या जिवावर उठला होता. त्यानं ह्या तिघांना गोड बोलून सांगितलं होतं, परत जाताना पोराचा पत्ता देऊन जा. पण त्यांना स्वप्नात कळलं, आलात त्या वाटेनं परतू नका. ते दुसऱ्या वाटेनं घरी गेले आणि पोर वाचलं. म्हणून मेळ्याचं निशाण आपल्याच पावलांवरून कधी मागं फिरत नाही. एखादं घर राहिलं तर राहिलं. पुढच्या वर्षी.

मेळ्यात सगळ्यात पुढं निशाण. रेशमी कापडावर तीन राजांचं चित्र, भोवती कागदाची फुलं, आणि लोकांनी नवसाच्या बांधलेल्या रंगीत फिती. निशाणाच्या मागं गाणारे, ढोलवाले, तारांची वाद्यं. आणि एक सान्फोना. सान्फोना म्हणजे छातीशी धरून वाजवायची भात्याची पेटी. सगळ्यात मागं सोंगाड्या, तोंडावर जनावराच्या कातड्याचा मुखवटा. तो हेरोदचा शिपाई, म्हणून त्यानं निशाणाच्या पुढं जायचं नाही, देवाचं गाणं गायचं नाही, फक्त अंगणात उड्या मारायच्या आणि लोकांना हसवायचं.

ज्या घराला मेळा हवा असतो ते घर आपलं दार लावून घेतं. हो, लावून घेतं. आत सगळे नवे कपडे घालून गप्प बसतात. मेळा दारात गातो, दार उघडा, लांबचे राजे आलेत, आणि मग दार उघडतं. गाण्याआधी आतून कुणी शब्द काढला तर वर्षभर त्या घराला सुख नाही, अशी समजूत. आता ह्यात शहाणपण किती आणि खुळेपण किती ते ज्यानं त्यानं ठरवावं. रीत अशी होती.

निशाण धरायचा लिबोरियो. हा आधी खेचरं हाकायचा, डोंगरातून कॉफीची पोती न्यायचा आणायचा. आडदांड माणूस, बोलायला कमी, आणि बोलला तर ऐकणाऱ्याला वाटावं हा गप्प होता तेच बरं होतं. गळा तर असा की तो खेचरांना हाक मारायचा तेव्हा दुसऱ्यांची खेचरं पळून जायची. म्हणूनच त्याला निशाण दिलं होतं. निशाणवाल्याला गावं लागत नाही.

आणि सान्फोना वाजवायचा तेर्तुलियानो. लिबोरियोच्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानं हातावर घेतलं होतं. तिकडे ज्यानं आपलं लेकरू असं हातावर घेतलं तो आपला कोंपाद्रे. ते नातं सख्ख्या भावापेक्षा जवळचं, कारण भाऊ निवडता येत नाही. वर्षानुवर्षं लिबोरियोच्या पाठीमागं तेर्तुलियानोचा भाता फुसफुसत असायचा. लिबोरियो म्हणायचा, मागं तो भाता वाजला नाही तर माझा पाय उचलत नाही.

एका वर्षी तेर्तुलियानोच्या छातीनं दगा दिला. पेटीच्या भात्यात वारा होता, छातीच्या भात्यात राहिला नाही. तो अंथरुणाला खिळला, तोंड हाडांवर आलं. चुलीचा धूर झाला की खोकून खोकून निळा पडायचा. त्याचा एकच हट्ट होता, की राजांचं निशाण डोक्यावरून फिरल्याशिवाय जीव सोडायचा नाही. त्याची बायको युझेबिया सगळ्यांना सांगायची, निशाणासाठीच थांबलाय तो.

लिबोरियोच्या कानावर हे आलेलं होतं. पण तो बघायला गेला नव्हता. आज जाऊ, उद्या जाऊ. कॉफी वाळवायची होती, छप्पर शाकारायचं होतं. माणसाला जिथं जायचं नसतं तिथं न जायला कामं कधी कमी पडत नाहीत.

मेळा निघाला. घरं घेत घेत तेर्तुलियानोच्या घराच्या वळणावर आला. पाऊस नुकताच थांबला होता आणि सगळ्यांना भूक लागली होती. पुढच्या मोठ्या शेतघरात डुक्कर भाजायला लावलंय हे वाऱ्यावरून कळत होतं. तेर्तुलियानोचं दार लावलेलं होतं. छपरावर धूर नव्हता.

लिबोरियोचा पाय अडखळला. एवढुसाच.

मग तो म्हणाला, "धूर नाही. त्यांच्या पोरीकडं गेले असतील शहरात." आणि पुढं चालू लागला. निशाण पुढं गेलं की मेळ्याला मागून जावंच लागतं. ढोल वाजत वाजत गेला.

शेतघरी पानं वाढली गेली. भाजलेलं डुक्कर, काळा घेवडा, मक्याचा सांजा, उसाची दारू. सोंगाड्या किरिनो मुखवटा कपाळावर सरकवून जेवायला बसला होता आणि यजमानिणीला सांगत होता की हेरोदनं असं जेवण घातलं असतं तर तोही इतका वाईट माणूस वाटला नसता. लोक हसत होते. तेवढ्यात अंगणात युझेबिया येऊन उभी राहिली. अंगावर ठेवणीतला झगा, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

ती आरडाओरडा करणारी बाई नव्हती. ती म्हणाली, "ढोल आला, आणि ढोल गेला."

यजमानीण वाढता वाढता थांबली.

"धुरानं त्याला खोकला येतो म्हणून पहाटेच सगळं रांधून चूल विझवली होती. दार रीतीनं लावलं होतं. गाण्याआधी बोलायचं नाही, म्हणून मी त्याचा हात धरून गप्प बसले. तो नुसत्या ओठांनी म्हणत होता, थांब, आता गातील. ढोल लांब गेला तरी म्हणत होता, थांब, आता गातील."

मेळ्याचा म्होरक्या ओनोफ्रे भला माणूस होता, पण रीतीचा पक्का. तो उठला, हात पुसले, आणि हळू आवाजात तिला समजावू लागला की निशाण मागं फिरलं तर सगळ्या गावावर येईल, पेरलेलं उगवणार नाही, पोटातली पोरं दगावतील. पुढच्या वर्षी पहिलं घर तुमचं.

"पुढच्या वर्षी?" युझेबिया म्हणाली.

 ओनोफ्रेनं निशाणाची एक फीत सोडून तिच्यापुढं धरली, ही त्याच्या उशाला बांधा म्हणाला. तिनं हात पुढं केला नाही. फिती घरात पुष्कळ आहेत, एवढंच म्हणाली आणि आली तशी चिखलातून निघून गेली. ती लिबोरियोकडं बघतसुद्धा नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं, शिव्या दिल्या असत्या तर आणखी बरं.

 लिबोरियोनं पान पुढं सारलं. उठला, भिंतीला टेकवलेलं निशाण उचललं आणि ओनोफ्रेला विचारलं, "मागं जायचं नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"पुढं कितीही गेलं तरी चालतं?"

ओनोफ्रे म्हणाला, चालतं, पण पुढं काय आहे. लिबोरियोनं हातानं दाखवलं. पुढं पूल. पूल ओलांडला की डोंगराची पलीकडची बाजू. ती सगळी चालत गेलं की नदी वळसा घालून येते ती तेर्तुलियानोच्या परसामागं. म्हणजे आपण पुढंच जात राहायचं, आणि त्याच्या घरी मागून पोचायचं.

ओनोफ्रे म्हणाला, तिथं वाट नाही. लिबोरियो म्हणाला, खेचर जातं. ओनोफ्रे म्हणाला, तिथं दुसरा पूल नाही, आणि नदी फुगलेली आहे. लिबोरियो अंगणातून बाहेर पडला. निशाण पुढं गेलं की मेळ्याला जावंच लागतं. लोक बोटं चाटत, त्याच्या नावानं कटकट करत उठले.

पूल ओलांडेपर्यंत सगळे होते. मग पाऊस आला. ढोलांची कातडी भिजून लोंबली, थाप मारली तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखी. तारा तुटल्या. माणसांना परत फिरायला बंदी नाही, बंदी निशाणाला आहे. कुणाची गाय व्यायला झाली होती, कुणाच्या पायात काटा गेला होता. शेवटी ओनोफ्रेसुद्धा थांबला. तो म्हणाला, "लिबोरियो, ही वाट नाही, हा तुझा राग आहे." लिबोरियो म्हणाला, "असेल." आणि गेला.

सोबत राहिला एकटा किरिनो सोंगाड्या. त्याचा नवस होता, सात वर्षं मुखवटा घालायचा आणि निशाणाची पाठ सोडायची नाही. तो मागून ओरडायचा, "सेऊ लिबोरियो, हेरोदनं शिपायांना एवढं चालवलं असतं तर त्यांनी पोराऐवजी त्यालाच मारलं असतं." सेऊ म्हणजे आपल्याकडचं राव.

डोंगराच्या त्या बाजूला लोकांनी कधी तीन राजांचा मेळा पाहिला नव्हता. चार झोपड्या इथं, दोन तिथं. त्यांना दार लावायची रीत माहीत नव्हती, सगळी दारं सताड उघडी. निशाण बघून बाया धावत बाहेर आल्या. कुणाचं पोर चालत नव्हतं, कुणाचा नवरा खाणीत गेला तो आला नव्हता, कुणाला नुसतंच रडायचं होतं. ज्याच्याकडं फीत होती त्यानं फीत बांधली, ज्याच्याकडं नव्हती त्यानं झग्याची कड फाडून बांधली.

किरिनो कासावीस झाला. सहा जानेवारी झाली की निशाण गुंडाळून ठेवायचं असतं, मग ते कुणाच्या डोक्यावरून फिरवून उपयोग नाही. तिकडं तो माणूस श्वास मोजतोय आणि इथं आपण दारोदार थांबतोय. त्यानं एका लांबच्या झोपडीकडं बोट दाखवून सांगितलं, तिथं कुणी नसेल, सोडून देऊ. लिबोरियो त्याच्याकडं असा वळला की किरिनोनं मुखवटा खाली ओढला.

"एक दार सोडलं," लिबोरियो म्हणाला. "आता सोडायचं राहिलं नाही."

झोपडीत एक आंधळी म्हातारी एकटीच बसली होती. तिनं निशाण हातांनी चाचपलं, राजांच्या तोंडावरून बोटं फिरवली आणि आपल्या पांढऱ्या केसांची एक बट तोडून बांधली. असं म्हणतात की त्यानंतर निशाण इतकं जड झालं की लिबोरियोला ते दोन्ही हातांनी धरावं लागलं. रेशमाचं वजन ते किती असणार. वजन फितींचं होतं.

सहा जानेवारीला, राजांच्या सणाच्या दिवशी सकाळी, ते नदीवर पोचले. समोर तेर्तुलियानोचं परसदार दिसत होतं, आणि मध्ये तांबडं पाणी. झाडं वाहून चालली होती. किरिनो वाळूत बसला आणि म्हणाला, झालं. लिबोरियो पाण्यात शिरला. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. निशाण डोक्यावर.

आणि असं म्हणतात की तेव्हा डोंगरावरून बैल उतरले. कुणाचे ते कुणाला माहीत नाही, अंगावर डाग नव्हते. येशू जन्मला तेव्हा गोठ्यात ज्यानं त्याला आपल्या श्वासानं ऊब दिली त्या बैलाचे ते वंशज, असं म्हणतात. ते पाण्यात शिरले आणि ह्या काठापासून त्या काठापर्यंत खांद्याला खांदा लावून उभे राहिले. लिबोरियो त्यांच्या पाठींवरून चालत पलीकडं गेला, मागून किरिनो, प्रत्येक बैलाची माफी मागत. ज्याला हे खोटं वाटतं त्यानं पावसाळ्यात त्या नदीत उतरून दाखवावं, मग बोलावं.

परसदार लावलेलं होतं. छपरावर धूर नव्हता.

लिबोरियो उभा राहिला. पुढच्या दाराला जाता येत नव्हतं, तिथं रस्त्यावर त्याची स्वतःचीच जुनी पावलं पडलेली. धूर नाही म्हणजे चूल विझवलेली असेल. किंवा धूर नाही म्हणजे आता विझवायची गरज उरली नसेल. दोन्ही वेळा छप्पर सारखंच दिसतं. पण ह्या खेपेला त्यानं छपराकडं बघणं सोडून दिलं. दारात गायचं असतं, आणि गाणारं कुणी नव्हतं. सोंगाड्याला देवाचं गाणं गायला परवानगी नाही. किरिनो म्हणाला, मी कानांवर हात ठेवतो, तुम्ही गा.

आणि लिबोरियो गायला.

दार उघडा हो घरधनी, आले लांबचे राजे,
वळसा घालून आले, म्हणून उशीर झाला.

दोन ओळी जुळल्यासुद्धा नाहीत. कोंबड्या कुंपणावरून उडाल्या. शेजारच्या शेतातलं एक खेचर दोर तोडून पळालं, असं म्हणतात, आणि हे मात्र नक्की खरं असणार. आत काही हललं नाही. लिबोरियोनं पुन्हा श्वास भरला.

तेवढ्यात आतून चिरका, बारीक आवाज आला. "युझेबिया, दार उघड लवकर. नाहीतर हा पुन्हा गाईल."

दार उघडलं. तेर्तुलियानो स्वयंपाकघरातच अंथरुणावर होता. विझलेल्या चुलीच्या राखेची तेवढीच ऊब. लिबोरियो आत आला आणि निशाण धरून नुसता उभा राहिला. एवढं चालून आल्यावर काय बोलायचं ते त्यानं ठरवलंच नव्हतं.

"कोंपाद्रे," तो म्हणाला, "मी पुढं गेलो ते धूर नव्हता म्हणून नाही. मला तुझं तोंड बघायचा धीर नव्हता."

तेर्तुलियानो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. मग म्हणाला, "माहीत आहे. तुझा पाय दारात अडखळला तो मी ऐकला. इतकी वर्षं तुझ्या पावलावर वाजवतोय. तेव्हाच हिला म्हणालो, थांब." आणि थोड्या वेळानं म्हणाला, "आता बघ की माझं तोंड. एवढं काही वाईट नाही."

लिबोरियोनं बघितलं. मग निशाण त्याच्या डोक्यावरून फिरवलं, हळूहळू. सगळ्या फिती तेर्तुलियानोच्या तोंडावरून गेल्या. त्यानं ती पांढऱ्या केसांची बट दोन बोटांत धरली आणि विचारलं, ही कुणाची. लिबोरियोनं सांगितलं. ती झोपडी, ती खाणवाल्याची बायको, ते न चालणारं पोर, सगळं सांगितलं. आयुष्यात तो एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. तेर्तुलियानो ऐकत होता. मग त्यानं सान्फोना मागितली. युझेबियानं ती त्याच्या पोटावर ठेवली. त्याला हात उचलवत नव्हते, तरी भाता उघडला आणि मिटला, उघडला आणि मिटला. असं म्हणतात की त्या वेळी तेर्तुलियानोची छाती हलत नव्हती, पेटीच त्याच्यासाठी श्वास घेत होती. सूर गावात ऐकू गेला. ओनोफ्रे घरात डोकं धरून बसला होता, तो उठून धावत सुटला. पण तो पोचला तेव्हा भाता मिटलेला होता, आणि युझेबियानं नवऱ्याचे डोळे मिटले होते.

गोष्ट इथं संपायला हवी, पण लिबोरियोला जाता येईना. पुढच्या रस्त्यावर त्याची पावलं, परसात त्याची पावलं. निशाण न्यायचं तर कुठल्या तरी पावलावर पाय पडणार. ओनोफ्रे म्हणाला, आता सोड रे. लिबोरियो म्हणाला, रीत तुझीच आहे. पावलं पुसेपर्यंत निशाण हलणार नाही.

आणि पावलं पुसेनात. असं म्हणतात की गावभर पाऊस पडायचा, युझेबियाच्या मक्यावर पडायचा, पण त्या पावलांवर थेंब पडायचा नाही. ती भाजलेल्या विटेसारखी घट्ट झाली. लिबोरियो परसातल्या खोपट्यात राहिला. गुंडाळलेलं निशाण स्वयंपाकघरातच उभं. कुंपणाच्या आतलं सगळं त्यानं केलं. मका खुरपला, लाकडं फोडली. धूर घराकडं येऊ नये म्हणून त्यानं चुलीला नवं धुराडं बांधलं. युझेबिया म्हणाली, आता ज्याला खोकला यायचा तो नाही. तो म्हणाला, तरी असू दे. एवढं सोडलं तर ती त्याच्याशी कितीतरी महिने बोलत नव्हती. एके दिवशी तिनं त्याला कॉफी आणून दिली आणि म्हणाली, साखर संपलीय. त्यानं ती तशीच प्यायली. त्या दिवसापासून बोलायला लागली.

पुन्हा नाताळ आला. निशाणाशिवाय मेळा उघड्या रस्त्यानं आला आणि ह्या घराच्या बंद दारात उभा राहिला. धूर नव्हता. तरी ओनोफ्रे गायला. दार उघडलं, आणि आतून लिबोरियो निशाण घेऊन बाहेर आला. त्याच क्षणी अंगणात पाऊस कोसळला आणि सगळी पावलं धुऊन गेली.

पुढं तो बरीच वर्षं निशाण धरत होता, आणि मग एके वर्षी पूल ओलांडून डोंगरापलीकडं गेला तो गेलाच. गावात त्याचं थडगं नाही. लोक म्हणतात, थडगं कसं असेल, तो मागं फिरणारा माणूस नव्हता. पुढंच चाललाय. वळसा मोठा आहे, इतकंच.

पेद्रा मान्सात आजही मेळा निघतो. आणि ज्या दिवशी निशाण यायचं असतं त्या दिवशी गावातल्या सगळ्या चुली विझवतात. श्रीमंताच्या, गरिबाच्या, सगळ्या. एकाही छपरावर धूर नसतो, म्हणजे वर बघून कोण आहे आणि कोण नाही हे कुणाला ठरवता येत नाही. निशाणाला प्रत्येक दारात थांबावं लागतं आणि विचारावं लागतं. शेवटच्या घरात निशाण परसदारानं आत जातं. तिथं चांगले गाणारे मागं सरतात आणि मेळ्यात ज्याचा गळा सगळ्यात वाईट त्याला पुढं ढकलतात. तो बिचारा लाजत, घसा खरवडत दोन ओळी गातो. तोवर आत गप्प बसलेले सगळे, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत, ह्याच क्षणाची वाट बघत असतात. मग आतून आवाज येतो, दार उघडा लवकर, नाहीतर हा पुन्हा गाईल. आणि दार उघडतं.